किट लेन्स उतरतच नाही

दसरा उलटला की फोन सुरू होतात. ‘सर, मोबाइलवर आता भागत नाही, कॅमेरा घ्यायचाय. डीएसएलआर घेऊ की ते एकाच लेन्सचे छोटे कॅमेरे?’ मी फोटोग्राफी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणारच. मी आधी विचारतो, फोटो कशाचे काढायचेत? भिगवणचे फ्लेमिंगो, क्रिकेटचं मैदान, मुलीचा स्टेजवरचा नाच असं उत्तर आलं तर डीएसएलआर घ्या, एवढं सांगून मी थांबतो. तिथे लांबची लेन्स लागते आणि ती लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यालाच बसते. पण बहुतेकांच्या यादीत घरची माणसं, प्रवास, जत्रा, वारी आणि गल्लीबोळ असतात. त्यांच्याशी मात्र मला सविस्तर बोलायचं असतं.

सुरुवातीचा डीएसएलआर, म्हणजे कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००, सहसा १८-५५ची किट लेन्स लावूनच घरी येतो. पुष्कळांच्या बाबतीत ती लेन्स कधी उतरतच नाही. लेन्स बदलता येते म्हणून घेतलेला कॅमेरा वर्षानुवर्षं एकाच लेन्सवर चालतो, आणि तीही अंधाऱ्या लेन्सवर. १८ला तिचं अ‍ॅपर्चर एफ/३.५, ५५ला ५.६.

याच्यासमोर फुजीची एक्स१०० मालिका ठेवून बघा. पहिला एक्स१०० २०११मध्ये बाजारात आला, सेन्सर डीएसएलआरसारखाच एपीएस-सी, लेन्स २३ एमएम एफ/२, कायमची बसवलेली. किट लेन्स २३च्या आसपास साधारण एफ/४ देते, म्हणजे फुजीला चौपट उजेड मिळतो. देवघरात समईच्या उजेडात आजी पोथी वाचत बसली आहे. किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागतो, तिथे त्याच शटर स्पीडवर फुजीचं १६००वर भागतं. पोथीवर टेकवलेल्या बोटाच्या सुरकुत्या, नथीचा मोती, चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा असं बारीकसारीक त्या फरकामुळे फोटोत टिकतं.

रिकोचा जीआर ३ तर शर्टाच्या खिशात मावतो, सेन्सर तोच. हे कसं जमतं? डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा ठेवावी लागते. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर कॅननमध्ये ४४ एमएम, निकॉनमध्ये ४६.५. रिकोची लेन्स आहे १८.३ एमएमची. एवढ्या कमी फोकल लेंग्थची लेन्स आरशाच्या पुढे बसवायची तर जास्तीच्या काचा घालून प्रतिमा मागे ढकलावी लागते, आणि लेन्स फुगते. आरसाच नसला की मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते. शिवाय ती लेन्स त्या एकाच सेन्सरसाठी घडवलेली असते.

या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आत असतं, त्यामुळे आवाज जवळजवळ होत नाही. कीर्तनात पहिल्या रांगेत बसून फोटो काढायचे असतील तर हे फार मोलाचं आहे. आरशाच्या खटक्याने बुवांचंसुद्धा लक्ष विचलित होतं. एक्स१००च्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, कोण चौकटीत शिरणार आहे ते आधी कळतं. स्वस्त डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर चौकटीचा ९५ टक्के भागच दाखवतो. कडेला कुणाचं कोपर आलंय, हे घरी आल्यावर समजतं.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते अंतराचं भान. फुल-फ्रेमवरच्या ३५ एमएमइतका कोन देणारा एक्स१०० उभा धरला की दोन मीटरवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो, एक मीटरवर कमरेपासून वर. काही महिन्यांत पाय आपोआप त्या जागी थांबायला लागतात. वारीत दोन मीटरवर जायचं तर माउलींशी दोन शब्द बोलावेच लागतात, आणि तो फोटो पन्नास फुटांवरून ओढून घेतलेल्या फोटोपेक्षा वेगळाच येतो. एका लेन्सवर भागत नाही म्हणणाऱ्यांना मी छायाचित्रपत्रकार होमाई व्यारावालांची आठवण करून देतो. त्यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता, आणि त्याची लेन्स निघत नाही.

धुळीची बाजू नीट समजून घ्या. जेजुरीत सोमवतीला भंडारा उधळला जात असताना डीएसएलआरची लेन्स काढणं म्हणजे सेन्सरवर हळद शिंपडणं. लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यात हा धोका कमी, पण संपलेला नाही. आत कण गेलाच तर लेन्स काढून साफ करण्याची सोय नसते, अख्खा कॅमेरा सर्व्हिसला द्यावा लागतो.

आणि किंमत. एक्स१००व्हीआय दीड लाखाच्या पुढे जातो. पहिल्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढून एवढे पैसे घालू नका, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. त्याऐवजी जुना डीएसएलआर घ्या आणि त्यावर एकच प्राइम लेन्स चढवा. कॅननला २४ एमएम एफ/२.८ एसटीएम; चपटी, हलकी, घरात आणि रस्त्यात दोन्हीकडे चालणारी. निकॉनला ३५ एमएम एफ/१.८जी, कोन थोडा अरुंद, पण उजेड भरपूर. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वस्तात मिळाली म्हणून जुनी एएफ-डी लेन्स उचलू नका, हाताने फोकस करत बसावं लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असायला हवं. खिशात मावणार नाही, आवाजही येईल, पण अंतराचं भान त्यावरही तितकंच पक्कं होतं. पुढे पक्ष्यांचं वेड लागलंच तर लांबची लेन्स लावायला बॉडी आहेच.

जुना कॅमेरा घेताना शटर काउंट विचारा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती सहज धरते. आणि किट लेन्स न घेता किंमत कमी होत असेल, तर ती विकणाऱ्याकडेच राहू द्या.