रिकामा खण

आमच्या नाण्यांच्या पेटीत एक खण रिकामा आहे. घरी येणारी मंडळी विचारतात, "इथले नाणे हरवले काय?" हरवले नाही. ते आम्ही घेतलेच नाही.

गेली पंचवीस वर्षे आम्ही उभयता इराणची जुनी सोन्याची नाणी जमवीत आहोत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांचा संग्रह तो केवढा असणार! फतेह अली शाह आणि नासिरुद्दीन शाह या कजार राजांचे चार तोमान, आणि प्रत्येकाची जपून ठेवलेली पावती. मन मात्र दारिकात गुंतले होते. पहिल्या दारयावेशाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस पाडलेले हे नाणे जवळजवळ शुद्ध सोन्याचे, वजनाने सुमारे ८.४ ग्रॅम. एका बाजूस गुडघा वाकवून धावणारा धनुर्धारी राजा, दुसऱ्या बाजूस ठोक्याचा ओबडधोबड खळगा. त्यावर नाव नाही, साल नाही. सिकंदराने इराण जिंकल्यावर बहुतेक दारिक वितळविले गेले असे मानतात.

पवित्र शास्त्रातही त्याचा उल्लेख आहे. दाविदाच्या काळी लोकांनी मंदिरासाठी दहा हजार दारिक दिले, असे इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात (२९:७) म्हटले आहे. दावीद तर दारयावेशाच्या सुमारे पाचशे वर्षे आधीचा! ग्रंथकाराने आपल्या काळच्या नाण्यात जुने दान मोजले.

काही वर्षांपूर्वी लंडनला लेकीकडे गेलो असता एका विक्रेत्याने दारिक आमच्या तळहातावर ठेवले. पैसे आम्ही साठवून नेले होते. "हे सापडले कुठे?" आम्ही विचारले. "जुन्या संग्रहातले आहे," तो म्हणाला. कागद मागितला, तेव्हा तो नुसता हसला.

ज्या नाण्यावर नाव नाही, साल नाही, त्याची कथा ते ज्या मातीतून निघाले तिथेच असते. कुणी पुरले, सोबत काय होते, कुणाच्या भीतीने पुरले, हे सारे चोरून उकरणाऱ्याच्या कुदळीखाली नाहीसे होते. आमच्यासारखे गिऱ्हाईक मिळते, म्हणूनच ती कुदळ चालते. आम्ही नाणे परत केले.

त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप लागली नाही. नाणे कदाचित निर्दोषही असेल. आजही पेटी उघडली की हात आधी त्या खणाकडे जातो. तो आम्ही तसाच ठेवला आहे.