फणसवाडीहून हीराबागेपर्यंत

गिरगाव परिसरातील वाड्यांची नावे ओळीने घेतली तर एखाद्या मंडईतून फिरत असल्याचा भास होतो. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी, कांदेवाडी. मुंबई बेटावर दाट वस्ती होण्यापूर्वी या भागात बागा आणि मळे होते, याची साक्ष आता केवळ ही नावे देतात. फणसवाडीत फणसाचे झाड शोधणाऱ्या पाहुण्याच्या पदरी निराशाच येईल. तथापि सांगली-कोल्हापूरकडून किंवा विदर्भातून मुंबईस येणाऱ्या जैन कुटुंबाने राणीच्या बागेसाठी आणि चौपाटीसाठी राखून ठेवलेल्या वेळेतून दोन-तीन तास काढून या गल्ल्यांतून पायी हिंडावे. घरातील कपाटात जी धर्मग्रंथांची मुद्रित पुस्तके आहेत, त्यांच्या इतिहासाचा एक मोठा भाग याच परिसरात घडलेला आहे.

चर्नी रोड स्थानकावर उतरून ठाकुरद्वारच्या नाक्यावर यावे आणि जगन्नाथ शंकरशेट मार्ग ओलांडून पूर्वेकडे वळावे. भुयारी मेट्रोची गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके झाल्यापासून वाट आणखी सोपी झाली आहे. फणसवाडीच्या कोपऱ्यावर ‘विनय हेल्थ होम’ हे मिसळीसाठी नावाजलेले जुने उपाहारगृह लागते. कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांनी येथे मोह आवरावा. पुढे गल्ली अरुंद होते. तळमजल्यावर दुकाने आणि गोदामे, वर लाकडी जिना, कठड्याची सामाईक गॅलरी आणि तीवर उघडणारी बिऱ्हाडांची दारे, अशी या चाळींची रचना. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि पूजेला निघालेल्या स्त्रिया एकाच चिंचोळ्या वाटेने परस्परांना जागा देत जातात.

अशा गर्दीत मान वर केली की अकस्मात दाक्षिणात्य गोपुर दिसते. हे फणसवाडीचे व्यंकटेश मंदिर. तमिळ देशातील वाटावे असे मूर्तींनी भरलेले शिखर, रामानुज संप्रदायाची पूजापद्धती, आणि दर्शनाला येणाऱ्यांत मारवाडी, गुजराती, मराठी अशी सरमिसळ. मंदिराच्या समोरच्या चाळीत मराठी बोलली जाते, बाजूच्या दुकानात मारवाडी, आणि गाभाऱ्यातून तमिळ प्रबंधांचे स्वर ऐकू येतात. मुंबईचे हे वैशिष्ट्य पुस्तकांतून पुष्कळदा वाचलेले असते. येथे ते वीस पावलांच्या अंतरात पाहावयास मिळते.

फणसवाडीपासून काळबादेवीच्या अंगाला कोलभाट गल्ली आहे. पाहुणा सहसा तिकडे जात नाही, कारण तेथे ‘पाहण्यासारखे’ काही उरलेले नाही. परंतु याच गल्लीत जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ठसे घासण्याच्या हलक्या कामापासून आरंभ केलेल्या या मनुष्याने राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराच्या साहाय्याने देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले, की संस्कृत ग्रंथांची छपाई म्हणजे निर्णयसागर असे समीकरण देशभर झाले. १८६९ साली सुरू झालेल्या या छापखान्याने १८८६ पासून ‘काव्यमाला’ काढली. तिच्यात धर्मशर्माभ्युदय, चंद्रप्रभचरित आणि सोमदेवसूरींचे यशस्तिलक हे जैन काव्यग्रंथ आले. तिच्या सातव्या गुच्छकात तर भक्तामर आणि कल्याणमंदिर ही स्तोत्रेच एकत्र छापली गेली. संपादक होते पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब. म्हणजे एका अजैन मराठी मुद्रकाच्या छापखान्यातून, अजैन पंडितांच्या हातून शुद्ध होऊन, जैन स्तोत्रे जगभरच्या विद्वानांच्या मेजावर गेली.

त्या काळी खुद्द जैन समाजात मात्र शास्त्र छापावे की न छापावे यावर कडाक्याचा वाद चालू होता. पोथी लिहवून घेणे आणि व्रताच्या उद्यापनाला ती मंदिरास अर्पण करणे हे शास्त्रदान मानले जाई. छापखान्याच्या रुळांत जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस असे. जिनवाणीला त्याचा स्पर्श व्हावा हे अनेकांना असह्य होते. छापील पुस्तक स्वस्त होणार, स्वस्त झाले की ते कोठेही पडणार, आणि त्यातून अविनय घडणार, हा दुसरा आक्षेप. कित्येक मंदिरांत मुद्रित ग्रंथ आत आणू देत नसत. आज या गोष्टीला हसणे सोपे आहे. पण आक्षेप घेणारे अडाणी नव्हते. त्यांची श्रद्धा पोथीच्या पानापानाशी बांधलेली होती.

दुसऱ्या बाजूची चिंताही तितकीच खरी होती. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी १८८३ साली यात्रासंघ घेऊन मूडबिद्रीस गेले. तेथे धवला-जयधवलादी सिद्धान्तग्रंथांच्या ताडपत्रांचे दर्शन घडले. दर्शन घडले, पण वाचन नाही. जुन्या कन्नड लिपीतील ती पाने जीर्ण होत होती आणि ती वाचू शकणारे विरळ झाले होते. या ग्रंथांची प्रत करून घेतली पाहिजे हा विचार तेव्हापासून शेठजींच्या मनाने घेतला. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी, ज्यांनी त्याच दशकात ‘जैन बोधक’ हे मराठी पत्र सुरू केले, त्यांनी या कामी साथ दिली. प्रती करण्यास वर्षानुवर्षे लागली. धवलेचा पहिला भाग छापून बाहेर पडला तो १९३९ साली, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली, आपल्या अमरावतीहून. मध्यंतरी छप्पन्न वर्षे लोटली होती. शेठजी १९१४ सालीच निवर्तले होते.

फणसवाडीतून उत्तरेकडे सी. पी. टँकच्या चौकात आले की या इतिहासाची वास्तू समोर येते. कावसजी पटेल यांच्या नावाचा तलाव केव्हाच बुजला. नाव तेवढे चौकाला राहिले. येथेच माणिकचंद शेठजींनी पित्याच्या स्मरणार्थ बांधलेली हीराबाग धर्मशाळा आहे. सुरतेहून आलेल्या आणि मोत्यांच्या व्यापारात उदयास आलेल्या या घराण्याने ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली. कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग हे त्यांपैकीच. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत तेथे राहिले होते. हीराबागेचा हेतू मात्र साधा होता. परगावाहून मुंबईस आलेल्या माणसाला पाठ टेकण्यास जागा मिळावी.

या धर्मशाळेच्या एका भागात एका निष्कांचन माणसाने आपले कार्यालय थाटले. मध्य प्रांतातील सागर जिल्ह्यात देवरी या गावी १८८१ साली जन्मलेले पंडित नाथूराम प्रेमी हे प्रथम गावाकडे शाळामास्तर होते. १९०१ साली ते मुंबईच्या दिगंबर जैन प्रांतिक सभेत कारकून म्हणून आले. पंडित पन्नालाल बाकलीवाल यांच्या सहवासात त्यांना ग्रंथप्रकाशनाची गोडी लागली. १९१२ साली त्यांनी ‘हिंदी ग्रंथरत्नाकर’ ही संस्था काढली. तिचे पहिले पुस्तक कोणते असावे? महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला, जॉन स्टुअर्ट मिल याच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचा हिंदी अनुवाद. पुढे द्विजेंद्रलाल राय यांची नाटके, शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या, जैनेंद्रकुमारांचे लेखन येथूनच हिंदी वाचकांपर्यंत गेले. मराठी गिरगावाच्या सीमेवर, गुजराती दानशूराच्या वास्तूत, बुंदेलखंडातील गृहस्थाने आधुनिक हिंदी साहित्याची पेढी चालविली. हिंदीच्या इतिहासात याचा आदराने उल्लेख होतो. गिरगावच्या इतिहासात तो सहसा सापडत नाही, हे खेदाने नमूद करावे लागेल.

माणिकचंद शेठजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ जी ‘माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला’ निघाली, तिचा भार प्रेमीजींनीच उचलला. संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश भाषांतील अप्रकाशित ग्रंथ शुद्ध करून छापावयाचे आणि लागत खर्चाच्या किमतीस विकावयाचे, असा तिचा शिरस्ता. व्यवहार जाणणारा कोणीही सांगेल की नफा नाही, राखीव निधी नाही, आणि गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याइतके, अशी पेढी चालणे अशक्य. ती चालली, याचे श्रेय त्या एका माणसाच्या चिकाटीला आहे.

मराठी वाचकाला या मालेतील दोन नावे जवळची वाटतील. पुष्पदंताचे अपभ्रंश महापुराण तीन खंडांत संपादित केले ते डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत दहाव्या शतकात रचलेला हा ग्रंथ मराठीच्या पूर्वरूपाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही टाळता येत नाही. दुसरे नाव डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे हे विद्वान. जटासिंहनंदींचे वरांगचरित त्यांनी ताडपत्रांवरून शोधून काढून शुद्ध केले आणि १९३८ साली याच मालेत ते प्रसिद्ध झाले.

प्रेमीजींनी संपादिलेल्या एका लहान पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आग्र्याचे श्रावक कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या नावाने आपले पद्य आत्मचरित्र लिहिले. हा मनुष्य व्यापारी होता. जवाहीर, कापड, जे हाती घेतले त्यात बहुधा बुडाला. आणि ते त्याने जमाखर्च मांडावा तसे निःसंकोच लिहून ठेवले. नऊ अपत्ये झाली आणि एकही जगले नाही, हेही तेवढ्याच शांतपणे. प्रेमीजींनी त्याची आवृत्ती १९४३ साली हीराबागेतून काढली. आदल्याच वर्षी त्यांचा एकुलता तरुण पुत्र हेमचंद्र निवर्तला होता. बनारसीदासांच्या त्या ओळींची मुद्रिते तपासताना या पित्याच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच करावी. प्रेमीजी १९६० साली गेले. त्यांच्या पुढील पिढ्यांनी ‘हिंदी ग्रंथ कार्यालय’ या नावाने ग्रंथविक्रीचा आणि प्रकाशनाचा वारसा पुढे चालविला. माणिकचंद्र ग्रंथमाला कालांतराने भारतीय ज्ञानपीठाकडे गेली.

हे सर्व मनात घेऊन फणसवाडीच्या गल्लीत परतावे, म्हणजे तेथील जुन्या इमारतींकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. डागडुजीला मालकाचा हात आखडला आणि १९६९ च्या कायद्याने या इमारती दुरुस्ती मंडळाच्या उपकरात आल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा वर्ग निराळा. या परिसरात त्यांचीच संख्या मोठी. लोखंडी टेकू दिलेले जिने, भिंतीतून उगवलेले पिंपळ आणि शेजारीच निळ्या पत्र्यांच्या आड उभे राहणारे मनोरे, असे दृश्य गल्लोगल्ली दिसते. राहणाऱ्यांनी गळक्या छताखाली आयुष्य काढावे असे बाहेरून आलेल्या पाहुण्याने म्हणू नये. दहा बिऱ्हाडांत एक शौचकूप असलेल्या चाळीचे कौतुक तिच्यात न राहणाऱ्यालाच सुचते. पण कोलभाट गल्लीतून जाणाऱ्याला निर्णयसागराची जागा दाखविणारी एक साधी पाटी असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

परतीची वाट कांदेवाडीतून घ्यावी. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली सुरू केलेल्या ‘नवाकाळ’मुळे या रस्त्याला त्यांचे नाव मिळाले आहे. येथे स्थानकवासी जैनांचे प्रसिद्ध स्थानक आहे. आयुष्यात कांद्याला न शिवलेली माणसे ‘आम्ही कांदावाडी संघाचे’ असे अभिमानाने सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

याच रस्त्यावर लग्नपत्रिकांच्या दुकानांची रांग आहे. ग्रंथांचे छापखाने या परिसरातून गेले, तरी छपाई अशी उरली. लग्नसराईत बाहेरगावची कुटुंबे नमुन्यांचे जाडजूड संच पुढ्यात घेऊन बसलेली दिसतात. सोनेरी ठसे, मखमली पाकिटे, गणपती, कृष्ण, मोर, कलश. जैन कुटुंबाची पाळी आली की नमुन्यावर एखाद्या तीर्थंकरांची प्रतिमा किंवा णमोकार मंत्र दाखविला जातो आणि घरातील वडीलधारे मनुष्य हळूच विचारते, की लग्न झाल्यावर ही पत्रिका लोक कोठे टाकणार? रद्दीत गेली, पायदळी आली, तर? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्र छापू नका म्हणणाऱ्यांचा हाच प्रश्न होता. तरुण मंडळी थोडा वाद घालतात. मग बहुतेक वेळा वडिलांच्या मनाप्रमाणे ठरते, मंत्र काढला जातो, आणि दुकानदार पत्रिकेचा माथा कोरा सोडून खालचा मजकूर लिहून घेऊ लागतो.