बेचाळीसच लिहिलं

पाचवीत असताना माझा मुलगा स्वतःच्या गावाचं नाव ‘पवनेल’ असं लिहायचा. वहीत लाल शेरा यायचा, ‘घरी लक्ष द्या.’ आम्ही दिलं लक्ष. शिकवणी लावली, एकेक शब्द दहादा लिहून घेतला, एकदा तर मी हातही उचलला. आणि हाच मुलगा ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगायचा.

सातवीत कुणीतरी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं नाव सुचवलं. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून पुढचं स्टेशन. कान, डोळे, बुद्ध्यांक, मग लेखन-वाचनाची चाचणी. केसपेपर घेऊन किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. दाखल्यावर ‘अध्ययन अक्षमता’ लिहिलं होतं. बुद्ध्यांक छान होता. परतताना कुर्ल्याच्या फलाटावर मी त्याची माफी मागितली. तो वडापाव खात होता. म्हणाला, “कशाबद्दल?”

आपल्या राज्यात अशा मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासून आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही ही अक्षमता आहे. पण शाळेत उत्तर मिळालं, “एका मुलासाठी वेगळी खोली कुठून आणू?” तेव्हापासून कागदांच्या झेरॉक्स माझ्या भाजीच्या पिशवीतच असायच्या. भांडले, रडले, पुन्हा गेले. तासाला वीस मिनिटं जास्तीची मिळाली. अडलं ते दहावीला, लेखनिकापाशी.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. नववीच्या मुलांची घरं पालथी घातली. “आमच्याच पोराची परीक्षा तोंडावर आलीय हो.” चुकीचं नव्हतं त्यांचं, पण जिने उतरताना पाय जड व्हायचे.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे मी मागायलाही गेले नव्हते. त्याच पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “आमची लिहील की. विचारलं का नाहीत?” यजमान कुरकुरले, वहिनींनी ऐकलं नाही. महिनाभर पोरगी रोज संध्याकाळी खाली यायची. हा बोलायचा, ती लिहायची. ‘स्वल्पविराम’सुद्धा त्यानेच सांगायचा, असं दोघांनी ठरवलं होतं.

मार्च 2019. इतिहासाचा पेपर दोन तासांचा, याला चाळीस मिनिटं वाढीव. संपल्यावर तो हसत बाहेर आला, ती मात्र रडत. ‘दर्पण’ हे वृत्तपत्र कधी निघालं, याचं उत्तर त्याने 1842 सांगितलं होतं. बाळशास्त्रींनी ते 1832 ला काढलं, हे तिला पाठ होतं. पेन थांबलं, म्हणाली. पण सांगितलं तेच लिहायचं, म्हणून बेचाळीसच लिहिलं. शाळेशी तीन वर्षं भांडून मला जे मागता आलं नव्हतं, ते या चौदा वर्षांच्या मुलीने त्याला दिलं: त्याचा पेपर त्याचाच राहू दिला.

तो पास झाला. साडी घेऊन वर गेले, तर वहिनींनी परत केली. “अहो, हिचा पुढच्या वर्षीचा अभ्यास फुकटात झाला!” पेढे तेवढे ठेवून घेतले.

दर वर्षी जानेवारी उजाडला की पनवेलमधली कुणी ना कुणी आई लेखनिक शोधत असते. तुमच्या घरात नववीतलं मूल असेल, तर तिला दार वाजवायला लावू नका. जवळच्या शाळेत नाव देऊन या.