नोंदीचा आकार

उसाची नोंद लांबून पाहिली तर सोपी वाटते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, झाले रकाने. वडगाव निंबाळकरच्या शिवारात उभं राहून ती भरायला घेतली की रकाने अपुरे पडतात. नीरा डाव्या कालव्याखालचं एकच रान, पण वरच्या अंगाला को ८६०३२ ही जात आणि खालच्या चोपणात कोएम ०२६५. बांधाकडचे दहा गुंठे थोरल्या भावाच्या नावावर. शेजारच्या खोडव्याला ठिबक, त्याच्या पलीकडे पाटपाणी. लागण कधीची विचारलं, तर तात्या सांगतात, "आषाढी झाली अन् लावला."

शेतकरी गटांसाठी अशा नोंदींचं वेब सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. ते मी जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये करतो. जँगो २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आकाराला आलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातमी, लेखक, विभाग ही माहिती तक्त्यांत नीट बसते, आणि जँगोची घडणही तक्त्यांवरच आहे. मोंगोडीबी हा डेटाबेस मात्र सगळी नोंद एक डॉक्युमेंट म्हणून ठेवतो. शेजारच्या दोन रानांच्या डॉक्युमेंटमध्ये वेगवेगळे रकाने असले तरी त्याची हरकत नसते. उसाच्या नोंदीला हा मोकळेपणा मानवतो.

तरीही मी सगळंच तिकडे नेत नाही. लॉगिन, अधिकार आणि पैसा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तक्त्यांत राहतो. रानाची माहिती डॉक्युमेंटमध्ये जाते. वजन, दर, कपात, देय रक्कम हा बिलाचा आकार सगळ्यांना सारखाच असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. अशा ठिकाणी चुकीची ओळ डेटाबेसनं स्वतःहून नाकारलेली मला हवी असते. दोन्ही डेटाबेसना बांधणारा एकच व्यवहार मात्र जँगो देत नाही, म्हणून क्रम जपावा लागतो. आधी डॉक्युमेंट लिहायचं, मग त्याचा क्रमांक तक्त्यात नोंदवायचा. दुसरी पायरी अडली तर एक डॉक्युमेंट नुसतं पडून राहतं. उलट क्रमानं गेलं तर जे रानच नोंदलेलं नाही, त्याकडे बोट दाखवणारं बिल उरतं.

डॉक्युमेंटच्या आत काय ठेवायचं, हा या कामातला खरा विचार. सहहिस्सेदार आणि आंतरपीक आत शोभतात, कारण ते मोजकेच असतात. जमिनीच्या ओलाव्याच्या नोंदी दर तासाला वाढत जातात. त्या बाहेर, स्वतंत्र ठेवाव्या. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ मेगाबाइट आहे, पण त्याच्या कितीतरी आधी ते जड होतं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसात सेन्सर आणि उपग्रहचित्रांचा प्रयोग सुरू केल्यापासून इथल्या शेतकऱ्यालाही असल्या आकड्यांची ओळख झाली आहे. आत काय ठेवायचं, हा प्रश्न नावाबाबतही येतो. रानाच्या डॉक्युमेंटमध्ये शेतकऱ्याचा क्रमांक पुरतो. बिलावर मात्र त्या दिवशीचं नाव उतरवूनच ठेवायचं. पुढे वारसनोंद होऊन सातबारा बदलला, तरी जुनं बिल बदलता कामा नये.

रानात रेंज जाते-येते. म्हणून नोंदीचा क्रमांक फोनच तयार करतो. तीच नोंद पुन्हा पाठवली गेली तरी डॉक्युमेंट एकच राहतं. सर्व्हरवर दर विनंतीला डेटाबेसशी नवी जोडणी उघडत बसलं तर सगळा वेळ हस्तांदोलनातच जातो. त्यामुळे प्रत्येक वर्कर प्रोसेस सुरू झाल्यावर एकदाच क्लायंट तयार करायचा आणि त्याच्या जोडण्या पुन्हा पुन्हा वापरायच्या.

डॉक्युमेंट डेटाबेसला आकार नसतो, असं म्हणतात. मला ते पटत नाही. डेटाबेसनं सोडलेला आकार कोडला सांभाळावा लागतो. म्हणून प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये मी रचनेची आवृत्ती लिहितो, आणि जुन्या आवृत्त्या वाचणारं कोड जपतो.

तात्यांच्या लागणीसाठी मी तीन रकाने ठेवले आहेत: त्यांचे शब्द जसेच्या तसे, लवकरात लवकरची तारीख आणि उशिरात उशिराची. तोडणीची पाळी लागणीवरून ठरते. पाळी चुकली तर उसाचं वजन आणि उतारा घटतो. त्यामुळे अंदाजाला पक्की तारीख म्हणून छापणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान करणं. मोकळ्या डेटाबेसची मला किंमत वाटते ती इथे. माणसाला जितकं ठाऊक आहे तितकंच लिहायला तो जागा देतो. ती जागा प्रामाणिकपणे आखायचं काम मात्र प्रोग्रामरचं, आणि त्यासाठी कोडच्या आधी शिवार वाचावं लागतं.