सायकल, हेल्मेट आणि उतारवय

पुण्यात ‘हेल्मेट’ हा शब्द उच्चारला की त्याच्या पाठोपाठ ‘सक्ती’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. २०१९ च्या जानेवारीत दुचाकीस्वारांवर कारवाई सुरू झाली, तेव्हाची आंदोलने आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. तो वाद स्कूटर-मोटारसायकलींचा होता. मोटार वाहन कायद्यातले हेल्मेटचे कलम १२९ त्यांच्यासाठीच आहे. पायडल मारून चालणारी साधी सायकल हे मोटार वाहन नव्हे, म्हणून तिच्या स्वाराला ते लागू होत नाही. तरीही अलीकडे माझ्या दवाखान्यात सायकल आणि हेल्मेट हा विषय वरचेवर निघतो, आणि तो काढणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. कुणी वजन कमी करण्यासाठी पुन्हा सायकल काढलेली असते, कुणाला मुलाने बॅटरीची सायकल घेऊन दिलेली असते, तर कुणी शाळेपासून आजवर ती सोडलेलीच नसते. सोबत आलेली मुलगी किंवा सून म्हणते, “डॉक्टर, यांना आता सायकल बंद करायला सांगा. आमचं ऐकत नाहीत.”

मी बंद करायला सांगत नाही, हेल्मेट घ्यायला सांगतो. वाचकहो, हा सल्ला दोन्ही पक्षांना फारसा रुचत नाही, म्हणून त्यामागचा विचार जरा विस्ताराने मांडतो.

माझे एक रुग्ण, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलाकडे मेलबर्नला सहा महिने राहून आले. तिथे एके दिवशी ते सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले, तर मुलाने दारातच अडवले. हेल्मेट नसेल तर दंड होईल म्हणाला. परत आल्यावर त्यांनी मला विचारले, “जिथे रस्ते इतके चांगले तिथे सक्ती, आणि आपल्याकडे काहीच नाही. यातलं बरोबर कोणतं?”

प्रश्न वाजवी होता. मेलबर्न ज्या राज्याची राजधानी आहे त्या व्हिक्टोरियाने १ जुलै १९९० रोजी सायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. असा कायदा करणारे ते जगातले पहिले राज्य. पाठोपाठ ऑस्ट्रेलियातली इतर राज्ये आणि १९९४ मध्ये न्यूझीलंड त्याच वाटेने गेले. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या, असे कायद्याचे समर्थक सांगतात. विरोधक म्हणतात, सायकली चालवणारेच कमी झाले, विशेषतः किशोरवयीन मुले; मग दुखापती कमी होणारच, आणि त्या मुलांचा व्यायाम बुडाला त्याचा हिशेब कोण मांडणार? हा वाद आजही मिटलेला नाही. इस्रायलने २००७ मध्ये सक्ती आणली आणि २०११ मध्ये शहरांतल्या प्रौढांपुरती ती उठवली. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलीसाठी सक्ती नाही आणि फारसे कुणी हेल्मेट घालतही नाही. पण तिथे सायकलीला स्वतंत्र मार्ग आहेत आणि गल्लीबोळांत मोटारींचा वेग आवरलेला आहे.

इंग्लंडमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये असेही दाखवले की, सायकलस्वाराने हेल्मेट घातले असेल तर मोटारी त्याच्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर अधिक जवळून जातात. त्या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. आपल्या पेठांतून सायकल चालवणाऱ्याला मात्र साडेआठ सेंटीमीटर मोजण्याइतकी जागा मुळात मिळते कुठे!

या वादात एक गोष्ट हरवते. कायद्याने समाजाचे काय होते आणि पडलेल्या एका माणसाच्या डोक्याचे काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अवघड असले, तरी दुसऱ्याचे बरेचसे स्पष्ट आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चाळीस अभ्यासांतील चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली.

हे कसे घडते ते साधे आहे. सायकलच्या हेल्मेटमध्ये थर्माकोलसारख्या पदार्थाचा जाड थर असतो. डोके आपटताना तो चेपतो, धक्क्याचा काळ लांबवतो आणि जोर कवटीवर कमी पोहोचतो. युरोपातल्या मानकानुसार त्याची चाचणी घेताना ते सुमारे दीड मीटर उंचीवरून लोखंडी ठोकळ्यावर आपटतात. म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर वेगाचा आघात. बसच्या धडकेपुढे त्याचा टिकाव लागेल असे कुणी समजू नये. माणूस आपल्याच उंचीवरून जमिनीवर कोसळतो, त्या पडण्यासाठी ते बनवलेले आहे.

आणि उतारवयातला सायकलस्वार बहुधा तसाच पडतो. उतरताना पाय दांडीवरून पलीकडे जात नाही, वळणावर वाळू असते, गतिरोधक वेळेवर दिसत नाही, थांबल्यावर पाय जमिनीला टेकत नाही. वेग नसतो, धडक नसते. “काही विशेष नाही, जरा तोल गेला,” असे सांगून माणूस कपडे झटकतो आणि घरी येतो.

एका आजोबांची हकीकत सांगतो. उभ्या सायकलवरून ते कुशीवर पडले आणि कानाच्या वर टेंगूळ आले. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. घरच्यांनी बर्फ लावला आणि दोन दिवसांत सगळे विसरले. तीन आठवड्यांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या. तक्रार अशी की, आजोबा बशीत चहा ओतताना बाहेर सांडतात, दुपारभर झोपतात, चालताना डावा पाय ओढतात. घरात सगळे म्हणत होते, वय झाले. त्यांना तपासून मी त्याच दिवशी डोक्याचा स्कॅन करायला पाठवले. मेंदूच्या वरच्या आवरणाखाली रक्त साचले होते. कवटीला छिद्रे पाडून ते काढले, आणि काही दिवसांत आजोबा पुन्हा वर्तमानपत्रातले कोडे सोडवू लागले.

याला क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात. वय वाढते तसा मेंदू थोडा आकसतो आणि तो व कवटी यांच्यातली जागा वाढते. त्या जागेतून जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि किरकोळ हिसक्यानेही एखादी तुटू शकते. रक्त थेंबाथेंबाने झिरपते, म्हणून लक्षणे कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतात. हेल्मेटने हा हिसका पुरता टळतो असे नव्हे, पण आघाताचा जोर कमी होतो. आणि पंचाहत्तरीच्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला तेवढा फरकही मोलाचा असतो.

मग सायकलस्वारांना आपल्याकडेही सक्ती करावी का? माझे मत विचाराल तर नको. इथे सायकल चालवतो तो बांधकामावरचा मजूर, रात्रपाळीचा रखवालदार, पेपर टाकणारा मुलगा. त्याच्याकडून दंड घेण्याआधी त्याला खड्डा नसलेली रस्त्याची कड द्यावी.

घरातल्या सक्तीबद्दलही मला एवढेच वाटते. वडिलांच्या सायकलीची किल्ली लपवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांची भीती खरी असते. पण सायकल गेली की त्या माणसाचे सकाळचे दूध आणणे जाते, कट्ट्यावरचे मित्र जातात, आणि मांड्यांचे स्नायू झपाट्याने उतरतात. अशक्त पायांचा माणूस मग न्हाणीघरात पडतो, आणि तिथे कुणी हेल्मेट घालत नाही. चक्कर येत असेल, नजर अधू असेल किंवा वाटा विसरायला होत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीही सायकल थांबवतो. एरवी पुढची दांडी नसलेली सायकल घ्यावी, आणि बसल्या जागी दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली करावी. वेग थोडा जाईल, जाऊ द्या.

हेल्मेट सायकलचेच घ्या. स्कूटरचे जड असते, त्यात घाम येतो आणि मागून येणारा हॉर्न नीट ऐकू येत नाही. ते कपाळावर आडवे बसावे, भुवईच्या वर दोन बोटे. मागे सरकवून टोपीसारखे घातले तर कपाळ उघडे राहते. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतपत घट्ट हवा. श्रवणयंत्र असेल तर दुकानात ते लावूनच हेल्मेट घालून पाहा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला थर चेपला की पुन्हा उभारी धरत नाही.

आणि हेल्मेट असो वा नसो, रक्त पातळ करणारी गोळी घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली, तर काहीही होत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. इतर ज्येष्ठांच्या बाबतीत उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायात अशक्तपणा दिसला तर थांबू नका. पडल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा आणि पुढचे दोन-तीन महिने ते पान फाडू नका. महिन्याभराने आजोबांचे काही बिनसले, तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, “मध्यंतरी कुठे पडले होते का?”