मृतांच्या वाट्याचा घोट

३१ ऑक्टोबरची रात्र चढू लागली की मेक्सिकोतल्या वाहाका शहराला खेटून असलेल्या होहोकोत्लानच्या कब्रस्तानात पाय ठेवायला जागा उरत नाही. थडग्यांवर झेंडूचे ढीग, उंच मेणबत्त्यांच्या रांगा आणि त्यावर तरंगणारा कोपाल नावाच्या राळेचा धूर. शेजारी खुर्च्या मांडून अख्खं घर बसलेलं असतं: आजी, मुलगे, सुना, पेंगुळलेली नातवंडं. कुणी गिटार छेडतं, कुणी गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगून हसवतं. मग मेस्कालची बाटली उघडते. पहिले थेंब मातीला दिले जातात आणि नंतर प्याला हातोहाती फिरतो.

ही रात्र पाहुणचाराची. गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात, अशी इथली श्रद्धा. १ नोव्हेंबर लहान वयात गेलेल्यांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. घरोघरी त्यांच्यासाठी ओफ्रेंदा मांडतात: उसाची कमान, फोटो, मीठ, लांबच्या प्रवासाने तहानलेल्यांसाठी पाण्याचा पेला, चॉकलेट, मोले नावाचा रस्सा आणि या दिवसांसाठी खास भाजलेला पाव. वाहाकातल्या पावात तर रंगवलेला इवलासा चेहरा खोचलेला असतो. बाकीचं सारं त्या त्या माणसाच्या आवडीचं. आजोबा सिगारेट ओढत असतील तर सिगारेट. मेस्काल घेत असतील तर त्यांचाच जुना पेला, काठोकाठ. युनेस्कोने २००८ साली ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

या मांडणीतली दोन झाडं मराठी वाचकाच्या ओळखीची निघतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून तो इकडे आला आणि त्याच्याशिवाय दसऱ्याचं तोरण होईना. तिकडे त्याला सेंपासूचिल म्हणतात आणि त्याच्या पाकळ्यांची वाट उंबऱ्यापासून ओफ्रेंदापर्यंत घालतात. त्या रंगावर, त्या वासावर येणाऱ्याला घर सापडावं म्हणून. दुसरं झाड घायपात, म्हणजेच अगावे; मेस्काल गाळतात तो हिच्यापासूनच. दख्खनच्या बांधांवर आणि रेल्वेरुळांच्या कडेला कुंपण म्हणून उभी असलेली, वाख काढून दोर वळण्यासाठी वापरली जाणारी ही काटेरी वनस्पतीही तिकडचीच. गोव्याच्या डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्याच अगावेपासून मद्य गाळून २०११ साली बाजारात आणलं, तोवर इथे तिच्याकडे कुंपण आणि दोरापलीकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

अगावे आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलली की मरते. एस्पादीन ही लागवडीची जात सहा-आठ वर्षांत तयार होते. तोबालाला दहा-पंधरा वर्षं लागतात. कड्याकपारीत वाढणारी तेपेस्ताते पंचवीस वर्षांपर्यंत थांबायला लावते. इतकी वर्षं साठवलेली साखर शेवटी एका उंच दांड्यात ओतायची, हा त्या झाडाचा बेत. मेस्काल करणारा तो दांडा वेळीच छाटतो, म्हणजे गोडवा गड्ड्यातच राहतो. प्रत्येक घोटामागे अशी एक पुरी हयात असते. लावणारे हात एकाचे, तोडणारे त्याच्या मुलाचे, हेही इथे नवलाचं नाही. मृतांच्या पुढ्यात ठेवायला याहून योग्य पेय सापडणं कठीण.

मेक्सिकोच्या जुन्या लोकांनी अगावेचं आणि मरणाचं हे नातं कथेतच गुंफून ठेवलं आहे. मायावेल ही तरुण देवी केत्साल्कोआत्ल या देवासोबत आकाशातून खाली उतरली. चिडलेल्या आजीने तिचे तुकडे केले. केत्साल्कोआत्लने तिची हाडं गोळा करून मातीत पुरली आणि त्यातून पहिली अगावे उगवली.

गावच्या भट्टीला पालेंके म्हणतात. पानं तासली की सोललेल्या अननसासारखा दिसणारा गड्डा उरतो. जमिनीतल्या खड्ड्यात लाकडं पेटवून दगड लाल करायचे, त्यावर गड्डे रचायचे, वर चोथा, चटया आणि माती. तीन ते पाच दिवस ते आत शिजत राहतात. मेस्कालला धुराची चव येते ती इथूनच. मग घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली चेचणं, लाकडी पिंपात हवेतल्याच यीस्टवर आंबवणं आणि दोनदा गाळणं. सान्ता कातारिना मिनास गावात आजही मातीच्या मडक्यांतून गाळतात. जाणता कारागीर वेताच्या नळीने मद्य ओढून तुंब्याच्या वाटीत सोडतो आणि वाकून पाहतो. काठाशी बारीक बुडबुड्यांचं कडं जमलं आणि टिकून राहिलं, तर कस बरोबर. सणासमारंभासाठी पेचुगा नावाचा मेस्काल करतात: तिसऱ्यांदा गाळताना भांड्यात फळं, बदाम, मसाले आणि वर टांगलेलं कोंबडीचं किंवा टर्कीचं छातीचं मांस.

असं मद्य कॉकटेलमध्ये मिसळावं का, यावर जुन्या पिणाऱ्यांचं मत ठाम आहे: ते नुसतंच, घोटाघोटाने चाखावं. पण फिल वॉर्ड या बारटेंडरने २००७ साली न्यूयॉर्कच्या ‘डेथ अँड कंपनी’ बारमध्ये ‘वाहाका ओल्ड फॅशन्ड’ केलं, ते मेस्कालचा मान राखूनच. ४५ मिलिलिटर रेपोसादो टकिला, १५ मिलिलिटर मेस्काल, चमचाभर अगावेचा पाक, अँगोस्तुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. बर्फावर ढवळायचं आणि संत्र्याच्या सालीतलं तेल काडीच्या ज्योतीवरून पेल्यात उडवायचं. मेस्काल एक चतुर्थांश असूनही नाकाला आधी तोच भेटतो. आता नोव्हेंबरच्या तोंडावर मेक्सिको सिटीतले बारही ओफ्रेंदा मांडतात, सेंपासूचिलच्या पाकळ्यांचा पाक पेल्यांत पडतो.

या पेल्यांमागे एक देणंही आहे. जगभर मागणी वाढली आणि रानातली अगावे फुलण्याआधीच तोडली जाऊ लागली. तिच्या फुलांवर जगणारी वटवाघळं उपाशी राहू लागली, बी धरेना. लागवडही बहुतेक मुळाशी फुटणाऱ्या पिल्लांवरच चालते. त्यामुळे शेतंच्या शेतं एकाच मातेची, एका रोगाला बळी पडतील अशी. म्हणून वटवाघळांचे अभ्यासक रोद्रिगो मेदेयिन यांनी उत्पादकांना गळ घातली: शंभरातली पाच झाडं तोडू नका, फुलू द्या. काहींनी ते मानलं आणि त्यांच्या बाटल्यांवर वटवाघूळस्नेही असल्याची खूण आली. बारमध्ये बाटली मागताना ही खूण विचारणाऱ्यांची संख्या वाढायला हवी. रानात आज पडलेल्या बीतून तेपेस्ताते पिकेल, तेव्हा होहोकोत्लानमध्ये पेंगणारी ही नातवंडं स्वतःच्या मुलांना ओफ्रेंदा मांडायला शिकवत असतील.