कुर्ल्याचा बार, कळंबची गाडी

जुनी जीप-पिकअप वळणावर का कलते, ते गाडीखाली पाठ टेकली की कळतं. पुढे आणि मागे सरळ अ‍ॅक्सल, त्यांवर पाटे. चासी अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंचे पाटेही चाकांपासून बरेच आत, एकमेकांच्या जवळ. वळणावर भार बाहेरच्या बाजूला गेला की इतक्या जवळ बसलेल्या पाट्यांना तो आवरत नाही. विटा भरल्या तर वजन जास्त, पण ते हौद्याच्या तळाशी राहतं. पेंढा भरला तर वजन किरकोळ आणि उंची केबिनच्या वर. भातकापणी झाल्यावर कर्जत-मुरबाड रस्त्याला पेंढ्याच्या गाडीमागं सापडलेला माणूस ओव्हरटेक करताना दोनदा विचार करतो, तो काही उगाच नाही.

कळंबला माझ्याकडे आलेली ही पिकअप १९९४ची. महिंद्रानं १९७९ साली प्यूजोशी करार करून आणलेलं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन तिच्यात अजून आहे, आणि तिच्या मालकांना, म्हणजे आमच्या काकांना, त्या इंजिनाच्या आवाजाचा फार अभिमान. तक्रार एकच. "फार झोल खाते रे. नव्या गाड्यांना खाली तो दांडा असतो ना, तो लाव हिला."

दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार. मी लगेच हो म्हटलं नाही. झोल खाणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुतेकदा शॅकलचे बुश चेपलेले असतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल कधीच गळून गेलेलं असतं, यू-बोल्ट सैल असतात. अशा गाडीला बार लावला की दोष झाकला जातो, जात नाही. काकांच्या गाडीचं आधी तेच सगळं काम काढलं. बुश बदलले, पुढचे शॉक नवे टाकले, पाट्यांचा संच खोलला तेव्हा एक पाटा तुटलेला निघाला, तो बदलला. झोल बराच कमी झाला. जो उरला तो मात्र गाडीच्या बांधणीतलाच होता. तिथं बारचं काम सुरू होतं.

बार म्हणजे स्प्रिंग स्टीलची वाकवलेली सळई. मधला भाग रबरी बुशांत फिरतो आणि दोन्ही टोकांना लिंक असतात. दोन्ही चाकं एकदम वर आली तर बार बुशांत नुसता फिरतो, त्याचा अडथळा नाही. एकच बाजू दबली तर मधला भाग ओल्या कपड्यासारखा पिळला जातो आणि त्या पिळाच्या जोरावर गाडीला सपाट धरतो. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमननं याचं पेटंट १९१९ सालीच घेतलं होतं. म्हणजे आमच्या पिकअपच्या जन्माआधी पाऊणशे वर्षं ही युक्ती जगाला ठाऊक होती. तरी जुन्या जीपला बार नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात अशा जमिनीसाठी ती गाडी. तिथं प्रत्येक चाकाला आपापल्या वाटेनं वरखाली होता आलं पाहिजे. बार लावला की दोन चाकं एकमेकांना बांधली जातात, डावं खड्ड्यात गेलं की धक्का उजव्यालाही पोचतो. आमच्या भागात श्रावणापर्यंत रस्त्यांची जी गत होते ती पाहता चाकं बांधायची तर किती बांधायची, हाच खरा प्रश्न. नटबोल्टाचं काम त्यानंतरचं.

त्याचं उत्तर कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या भंगारात शोधायचं होतं. पुढे कॉइल स्प्रिंग असलेल्या, मोडीत निघालेल्या गाड्यांचे दोन बार समोर आले. एक २० मिलिमीटर जाडीचा, दुसरा २४. दुकानदार २४चा पुढे करत होता, "जाड घ्या, मजबूत आहे." हातात धरल्यावर दोघांत फारसा फरक वाटत नाही. पण पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. बाकी मापं सारखी असतील तर २० ऐवजी २४ घेतला की ताठपणा दुपटीच्या वर जातो. बारचे हात आखूड असले तर तो आणखी वाढतो, लांब असले तर कमी होतो. मी २०चा घेतला, त्यातही लांब हातांचा. दुकानदाराला मी कंजूष वाटलो असणार. कर्जत लोकलच्या लगेज डब्यात तो वेडावाकडा आकार उभा धरून नेरळला आणला तेव्हा डब्यातल्या प्रत्येकानं तो कशाचा आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकून कुणाचंही समाधान झालं नाही.

भंगारातला बार सरळ गाडीला लावायचा नसतो. आधी तो सपाट लादीवर ठेवायचा. दोन्ही टोकं सारखी टेकली नाहीत तर तो कुठल्यातरी अपघातातून आलाय, परत करावा. मग तारेच्या ब्रशनं रंग आणि गंज काढायचा आणि जिथं बुश बसत होते ती जागा निरखून पाहायची. रबराखाली पाणी आणि माती अडकते, तिथं गंजाचे बारीक खड्डे पडतात. पिळताना सगळ्यात जास्त ताण सळईच्या पृष्ठभागावर येतो, म्हणून चीर सुरू होते ती अशाच खड्ड्यातून. चिरेसाठी रॉकेल आणि खडू ही जुनी तपासणी मला अजून भरवशाची वाटते. बाकांवर आणि टोकांच्या चपट्या कानांवर रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुन्हा बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आमच्या बारवर रेघ उमटली नाही. किरकोळ खड्डे बारीक पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं घासून काढले.

आता मापं. बारवरच्या बुशांमधलं अंतर काकांच्या गाडीच्या चासीपेक्षा जास्त भरलं. दुसऱ्या गाडीसाठी घडवलेला भाग असल्यावर हे व्हायचंच. अशा वेळी पंचक्रोशीतला पहिला सल्ला असतो, "गॅसवर लाल करून वाकव." तो मी कधीच ऐकत नाही. स्प्रिंग स्टीलला कडकपणा आणि लवचीकपणा दिलेला असतो तो उष्णतेचं मोजमाप ठेवून. गॅसच्या ज्योतीनं ते पाणी त्या जागी उतरतं आणि वेल्डिंग केलं तर टाक्याच्या शेजारचा धातू ठिसूळ होतो. बार आज तुटत नाही, पुढे कधीतरी तुटतो, तोही वळणावर. तेव्हा जुळवून घ्यायचं ते बाकीच्या सगळ्यांनी, बारनं नाही.

म्हणून मांडणी उलटी केली. बारचा मधला भाग चासीऐवजी पुढच्या अ‍ॅक्सलवर ठेवला, हात मागच्या दिशेनं आणि लिंक वर चासीला. पाट्यांच्या यू-बोल्टखाली जी प्लेट असते ती १० मिलिमीटर पत्र्यातून नवीन कापली, बुशच्या क्लॅम्पपुरती बाहेर काढून. वर चासीला ब्रॅकेट लावला तो आधीपासून असलेल्या भोकांत बोल्टनं. चासीला वेल्डिंगचा एकही टाका नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतले तपशील बदलणारे फेरफार करू देत नाही, पण मला खरी काळजी जुन्या चासीची. तिला गरम करणंच मला पटत नाही.

लिंकची लांबी ठरवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना लिंक उभा हवा आणि बारचे हात जवळजवळ आडवे. उभेपणासाठी गवंड्याचा ओळंबा वापरला. गोम अशी की पाटा दबून सपाट होतो तशी त्याची लांबी वाढते आणि अ‍ॅक्सल शॅकलच्या बाजूला सरकतो. म्हणजे लिंक नुसता वरखाली नाही, पुढेमागेही झुकणार. आखूड लिंक लगेच तिरका होऊन अडतो. लांब लिंकला तेवढीच सरक फारशी जाणवत नाही. लांब लिंक, दोन्ही टोकांना जाड रबर. पॉलीयुरेथेनचे बुश मिळतात, पण वंगण कमी पडलं की कुरकुरतात आणि आमच्या चिखलात वंगण टिकत नाही. मग जॅकवर एकेक चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, स्टिअरिंग दोन्हीकडे तोडून पाहिलं. ब्रेकचा होज बारला घासत होता, त्याचा क्लिप हलवला. नट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उतरवून. हवेत लटकलेल्या गाडीचे नट आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाचणीला नेरळ-माथेरान घाट. दस्तुरीपर्यंतच गाडी जाते, पुढे मोटारींना बंदी, पण तेवढी वळणं पुरतात. हौद्यात भाताची पोती. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी कलून मग वळायची, आता कलणं कमी झालं आणि वळणं लवकर सुरू झालं. उतरून नेरळ-कळंब रस्त्याला लागलो तेव्हा किंमतही कळली. एका चाकाचा खड्डा आता अख्ख्या केबिनला कळतो. काका म्हणाले, "हे पहिलं नव्हतं." नव्हतंच. जाड बार घेतला असता तर याच्या दुप्पट असतं.

पेंढ्याच्या पहिल्याच खेपेला काकांनी एक थर जास्त चढवला. गाडी आता कलत नाही, हे त्यांचं कारण. मी वाटेत भेटलो आणि जरा वाद झाला. बारनं गाडीचं वजन खाली आणलेलं नाही, पेंढ्याचा भार पूर्वीसारखा उंचावरच आहे. फक्त गाडी कलून जो इशारा द्यायची तो आता कमी झालाय. थर उतरवला. नंतर त्यांनी मागेही बार लावायचा हट्ट धरला. पिकअपची मागची बाजू रिकामी आणि भरलेली असताना उंचीत फार फरक पडतो, लिंकचा कोन कधीच ठिकाणावर राहणार नाही. शिवाय मागे ताठ केलेली रिकामी पिकअप पावसात वळणावर मागूनच सुटते. हे सगळं त्यांना पटलं. तरी नातवानं कुर्ल्याला जाऊन मागच्या बारचा भाव काढून आणलाय.